प्रतिविषाची कुपी: मुंबईत घ्यावी का, थारमध्ये चालेल का?

जैसलमेरला तंबूत राहायला निघालेले, कच्छच्या रणात फोटो काढायला जाणारे, खावड्याच्या सोलर साइटवर बदली झालेले. यांच्या सामानाच्या यादीत कधीकधी एक ओळ दिसते: 'सापाचं इंजेक्शन, प्रिन्सेस स्ट्रीटला बघणे.' ती ओळ खोडून टाका. माल वाईट आहे म्हणून नव्हे; विषारी साप चावल्यावर विषावरचा खरा उतारा तेवढा एकच आहे. पण एक कुपी म्हणजे डोस नव्हे. ती शिरेतून, ड्रिपने आणि डॉक्टरच्या डोळ्यांसमोर द्यावी लागते. शिवाय वाळवंटातल्या निदान दोन सापांवर ती लेबल वाचून वाटतं तेवढं काम करत नाही. हे शेवटचं कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी नाव. पेपरात 'सर्पदंशाची लस संपली' असा मथळा येतो आणि धनुर्वातासारखं हेही आधीच टोचून घेता येतं असा समज होतो. ही लस नव्हे. लस आपल्या शरीराला लढायला शिकवते, इथे मात्र घोड्याने तयार केलेलं हत्यार उसनं घ्यायचं असतं. घोड्याला वाढत्या मात्रेत विष टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की प्लाझ्मा काढतात, पेप्सिनने प्रतिपिंडांचा नको असलेला तुकडा कापतात, शुद्ध करतात आणि गोठवून सुकवतात. मुंबईकराला यावर परळचं हाफकिन आठवणार. जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात १८९९ साली ते आलं तेव्हा प्लेगची प्रयोगशाळा होतं, प्रतिविष नंतरचं. दवाखान्यात सगळे 'एएसव्ही' (अँटी-स्नेक व्हेनम) म्हणतात, आपणही तेच म्हणू. साप चावण्याआधी एएसव्ही घेऊन उपयोग शून्य. चावूनही विष चढलं नसेल तर उपयोग शून्यच, वर घोड्याच्या प्रथिनाची ॲलर्जी पदरात.

खोकं उघडलं की काचेची कुपी निघते. तळाला पांढरट, भेगाळलेली चकती चिकटलेली, बत्ताशासारखी हलकी. सोबत १० मिली इंजेक्शनचं पाणी. लेबलवर चार नावं आणि चार आकडे. विरघळवल्यावर दर मिलीमागे नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होतं, घोणसीचंही ०.६, मण्यारीचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५. म्हणजे अख्ख्या कुपीत नाग-घोणस ६ मिलिग्रॅम, मण्यार-फुरसे साडेचार. पूर्ण वाढलेली घोणस एका चाव्यात सरासरी ६३ मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. भागाकार केलात की पहिला डोस १० कुप्यांचा का, ते कळतं. आणि बॅगेतली एकच कुपी ही नुसती मनाची समजूत का, तेही.

कंपनी कुठलीही असो, भारतात हीच चार नावं आणि हेच आकडे. त्यामुळे 'कोणत्या ब्रँडची घेऊ' यात शिरत नाही. पूड आणि द्रव हा फरक मात्र महत्त्वाचा. द्रव एएसव्हीला २ ते ८ अंश लागतात आणि ते गोठूनही चालत नाही. मे महिन्यात बाडमेरच्या रस्त्यावर गाडीच्या डिकीत त्याचं काय होईल, ते सांगायला नको. पूड जास्त टिकते, पण तीही थंड आणि अंधाऱ्या जागीच. लेबलवर तापमान छापलेलं असतं, ते वाचून ठेवायला हवं.

आता त्या चार नावांकडे नीट बघू.

प्रतिविषाला 'वाळवंटी साप' नावाची जात माहीत नाही, त्याला वंशावळ कळते. वाळवंट हा पत्ता झाला, कूळ नव्हे. एका चाळीत राहतात म्हणून सगळ्यांचं आडनाव एक होत नाही, तसंच. जगातल्या वाळवंटांतले विषारी साप मुख्यतः दोन कुळांतले. पहिलं व्हायपर कूळ, आपल्या घोणस-फुरशांचं: लांब, घडी होणारे दात आणि बहुतेकांचा मारा रक्तावर आणि मांसावर. दुसरं इलॅपिड, नाग-मण्यारींचं: आखूड, पुढेच पक्के बसलेले दात आणि बहुधा मज्जातंतूंवर हल्ला. सहारात आणि अरबस्तानात डोळ्यांवर शिंगं असलेले व्हायपर आहेत. आफ्रिकेतल्या नामिब वाळवंटाच्या वाळूच्या टेकड्यांत डोळे पार माथ्यावर चढलेला इवलासा पेरिंग्वे ॲडर आहे. बलुचिस्तानच्या रेतीत नाकावर पानासारखे खवले असलेला एक व्हायपर सापडतो, आपल्या प्रजातीत (जीनसमध्ये) एकटाच. अमेरिकेच्या वाळवंटांत खड्डेवाल्या (डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये खळगा असलेल्या) व्हायपरचं राज्य, म्हणजे रॅटलस्नेक. ऑस्ट्रेलियात व्हायपर औषधालाही नाही, तिथल्या कोरड्या मैदानांतला इनलँड तायपान हा इलॅपिड.

मजा अशी की शिंगवाला व्हायपर, नामिबचा ॲडर आणि अमेरिकेतला सायडवाइंडर रॅटलस्नेक, तिघंही सैल वाळूवर एकाच पद्धतीने तिरके सरकतात. ही चाल त्यांनी आपापली वेगवेगळी कमावली आहे. वाळूवरचा माग सारखा दिसला तरी विष सारखं नसतं आणि एकाचं प्रतिविष दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

एक कूळ, एक प्रजाती, अगदी एकच नाव असूनही फसगत होते. घानामध्ये २००४ च्या सुमारास एका ग्रामीण रुग्णालयाने फुरशाच्या आफ्रिकी भावंडावर, एकिस ऑसेलाटसवर, नव्याने आलेलं भारतीय बनावटीचं प्रतिविष वापरलं. सर्पदंशातले मृत्यू १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेले. 'फुरशावर चालतं' हे खोटं नव्हतं. कुठलं फुरसं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तोच प्रश्न थारमध्ये विचारायला हवा.

कोकणच्या कातळावर, सड्यावर, करवंदीच्या जाळीखाली जे फुरसं सापडतं ते एकिस कॅरिनाटस कॅरिनाटस. बहुतेक वेळा वीतभर-दीड वीत. थारमध्ये, आणि तिथून पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण करत अरबस्तानच्या पूर्व टोकापर्यंत जे पसरलं आहे, ती उपजात सोचुरेकी. ऑस्ट्रियन सर्पतज्ज्ञाच्या नावावरून १९६९ मध्ये हे नाव पडलं. काही तज्ज्ञ तिला स्वतंत्र जातच मानतात. ती कोकणातल्यापेक्षा मोठी होते, ८० सेंटिमीटरपर्यंत पोचू शकते. ओळख मात्र दोन्हीकडे एकच. डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी फिकट खूण, पाठीवर फिकट ठिपक्यांची रांग, बाजूला नागमोडी पांढरट रेघ. डिवचलं की इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी एकमेकांवर घासतं. बाजूचे तिरके, करवतीसारखे खवले घासून जो चर्रर्र आवाज निघतो तो कढईत भजी सोडल्यासारखा. हा आवाज आला की पाय होता तिथेच थांबवायचा आणि आल्या वाटेने मागे घ्यायचा. राजस्थानात याला 'बांडी' म्हणतात. पर्यटकाच्या फोटोतल्या उघड्या टेकडीपेक्षा झुडपांनी बांधलेली रेती, दगडगोट्यांची जमीन, खेजडीचा बुंधा, सरपणाचा ढीग ही त्याची खरी ठिकाणं. दिवसा वाळूत रुतून फक्त डोकं वर, गरमीत रात्री बाहेर.

त्याचं विष रक्तातलं गोठण्याचं सामान विनाकारण खर्ची घालतं. शरीरभर बारीक गाठी धरत राहतात आणि रक्त गोठवणारं प्रथिन, फायब्रिनोजेन, संपतं. मग हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून रक्त. माणूस तासन्‌तास धडधाकट दिसतो आणि इथेच घात होतो. २००७ मध्ये बिकानेरच्या डॉक्टरांनी थारमधल्या सोचुरेकीच्या गंभीर दंशांवर लिहिलं तेव्हा भारतीय प्रतिविषाच्या परिणामाबद्दलची शंकाही मांडली होती.

दुसरा साप जास्त घातक आणि कमी ओळखीचा. लेबलवरची 'मण्यार' म्हणजे साधी मण्यार, बुंगारस सेरुलियस. थार आणि सिंधच्या पट्ट्यात तिच्याबरोबर सिंधी मण्यार राहते, बुंगारस सिंडानस, बूलेंजरने १८९७ मध्ये नोंदवलेली. दोघी काळ्या, चकचकीत, पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या. फरक बघायचा तर मधल्या अंगावर खवल्यांच्या रांगा मोजाव्या लागतात: साधीच्या १५, सिंधीच्या बहुधा १७. जिवंत सापाच्या रांगा कुणी मोजायच्या नाहीत, हे लिहायची गरज पडू नये, पण लिहितो. केस पेपरवर दोघींचं नाव 'क्रेट' असंच पडतं.

थारमध्ये मण्यारीला 'पीवणा' म्हणतात, झोपलेल्याचा श्वास पिऊन जाते म्हणून. समजुतीमागचं कारण साधं आहे. मण्यार रात्री अंथरुणात येते, दात बारीक, चावा जवळपास दुखत नाही, खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोटात कळ, मग पापण्या जड, बोलणं अडखळतं, थुंकी गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. घरच्यांना साप दिसलेलाच नसतो, त्यामुळे श्वास कुणीतरी प्यायलं असंच वाटणार. म्हणूनच तंबूत सकाळी कुणाच्या पापण्या उघडत नसतील तर 'रात्रीची उतरली नाही' असं हसण्यावारी नेऊ नका.

२०१९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने 'चार मोठ्यां'बाहेरच्या, म्हणजे लेबलवरच्या चौघांपलीकडच्या, सापांची विषं तपासली. त्यात पश्चिम भारतातल्या सिंधी मण्यारीचं विष उंदरांवर नागाच्या विषापेक्षा ४० पटींहून जहाल निघालं आणि बाजारातलं पॉलिव्हॅलंट, म्हणजे अनेक सापांवरचं एकत्र प्रतिविष, त्यावर कमी पडलं. सोचुरेकीही त्याच अभ्यासात होती, तिच्या बाबतीतही निकाल समाधानाचा नव्हता.

कारण कुपीच्या जन्मात आहे. घोड्यांना टोचायचं विष प्रामुख्याने एकाच ठिकाणाहून येतं: चेन्नईजवळच्या वडनेम्मेलीची इरुळा आदिवासी साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था, १९७८ पासूनची. तिचं काम वादातीत चांगलं आहे, दोष तिच्याकडे जात नाही. पण तमिळनाडूतल्या सापाचं विष शिकलेला घोडा थारच्या सापाला ओळखेलच असं नाही. अन्न, हवामान, वंश बदलला की विषातल्या प्रथिनांचं मिश्रण बदलतं. योगायोग बघा, १८०१ साली फुरशाला शास्त्रीय नाव मिळालं तेही तमिळनाडूतल्या आरणीच्या नमुन्यावरून. दोनशे वर्षं झाली, या सापाचा प्रमाणनमुना दक्षिणेतलाच आहे. लेबलवरचा ०.४५ हा आकडाही त्याच विषावर मोजलेला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. नाग थारमध्ये आहे आणि लेबलवरही आहे. घोणस ऐन कोरड्या पट्ट्यात विरळ, कालव्याचं पाणी आणि शेती आली की दिसते. मध्य आशियाई नाग पाकिस्तान-अफगाणिस्तानाकडचा, आपल्या कुपीत तो नाही. दिवसा सुसाट पळणारा वाळूसाप मागच्या दातांचा, सौम्य विषाचा, त्याला एएसव्ही लागत नाही. मांडूळ आणि डुरक्या घोणस बिनविषारी. पण डुरक्या घोणस दिसते घोणशीसारखी, फुगते तशीच, आणि निव्वळ त्या दिसण्यावर कुणाला १० कुप्या चढवल्या गेल्या तर ती चूक महागात पडते. सापाचं नाव नव्हे, रुग्णाची लक्षणं बघून एएसव्ही देतात ते यासाठीच. साप मारून पिशवीत घालून आणायचा उद्योगही म्हणूनच नको. लांबून फोटो मिळाला तर ठीक.

आता वापर. हे काम डॉक्टरचं, पण काय व्हायला हवं हे सोबतच्याला माहीत असलेलं बरं. फुरशाच्या संशयात पहिली चाचणी स्वस्तातली: शिरेतून २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या परीक्षानळीत, २० मिनिटं अजिबात न हलवता, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर गोठत नाही, म्हणजे विष चढलं आहे. यात तीन गोष्टी बिघडतात. नळी प्लास्टिकची असते, ती साबणाच्या पावडरने धुतलेली असते किंवा कुणीतरी मध्येच हलवून बघतं. तिन्हींत निकाल चुकतो; पहिल्या दोन्हींत कारण हे की रक्त गोठायला काचेचा निर्मळ पृष्ठभागच चालना देतो. पहिली चाचणी ठीक आली तरी पुन्हा पुन्हा करावी लागते.

पूड विरघळवताना कुपी खळखळ हलवायची नाही. फेस येतो, प्रथिनं बिघडतात आणि सुईत औषधापेक्षा हवाच जास्त येते. पाणी घालून तळहातांत हळूहळू फिरवायची. १० कुप्यांना वेळ लागतो, म्हणून एकापेक्षा जास्त माणसं लागली तर बरं. विरघळल्यावर गढूळ राहिली तर ती कुपी बाद. मग सलाईनमध्ये मिसळून साधारण तासाभरात ड्रिप. लहान मुलालाही कुप्या तेवढ्याच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. चाव्याच्या जागेभोवती टोचणं चूक. कातडीवर चाचणी डोस देऊन 'ॲलर्जी नाही ना' बघणंही चूक: तो खरी रिॲक्शन सांगू शकत नाही आणि वेळ खातो. रिॲक्शन येते ती खाज, गांध्या, थंडी, खोकला, उलटी अशी. तेव्हा ड्रिप थांबवून मांडीत ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम. ते सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलेलं नसेल तर ड्रिप सुरू करू नये. वाळूत बसून, टॉर्च दातांत धरून हे जमणार नाही. मी कुपी विकत घेऊ नका म्हणतो, त्यातलं निम्मं कारण हे.

फुरशात सहा तासांनी पुन्हा रक्त तपासतात. सहाच का? कारण विष निष्प्रभ झालं तरी यकृताला गोठण्याचे घटक परत बनवायला साधारण तेवढा वेळ लागतो. त्याआधी 'रक्त अजून पातळच आहे' म्हणून कुप्या ओतत राहणं म्हणजे फुकट घालवणं. मण्यारीत उलटं. तिचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं, आणि एकदा ती गेली की कितीही कुप्या दिल्या तरी लगेच परत येत नाहीत. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन-ॲट्रोपिन या इंजेक्शनांनी पापण्या उघडू शकतात, मण्यारीत तो भरवसा नाही. टोकं नव्याने उगवेपर्यंत दिवस जातात आणि तेवढे दिवस व्हेंटिलेटर लागतो. सिंधी मण्यारीसाठी मला १० कुप्या की एक चालू व्हेंटिलेटर असं निवडायला लावलं, तर मी व्हेंटिलेटर घेईन.

तेव्हा गुण. कोकणात, देशावर, पुरेशा संख्येने आणि वेळेत: पाचपैकी साडेचार. थारमध्ये नाग आणि साध्या मण्यारीसाठी चार. सोचुरेकीसाठी अडीच, जास्त कुप्या आणि जास्त तपासण्या धरून. सिंधी मण्यारीसाठी दीड. तरीही एएसव्ही द्यायचंच, कारण दुसरं काही नाही. आणि प्रवाशाच्या बॅगेत: शून्य.

त्या पैशांत घोट्याच्या वर येणारे जाड बूट, चांगली टॉर्च, क्रेप बँडेज, हात-पाय न हलता बांधायला फळी आणि एक मच्छरदाणी घ्या. मच्छरदाणी खाटेवर, गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली. मण्यारीविरुद्ध एवढी स्वस्त वस्तू दुसरी नाही. ट्रेकिंगच्या दुकानात मिळणारा विष ओढायचा पंप घेऊ नका, तो रक्त ओढतो, विष नव्हे. आवळपट्टी आणि ब्लेडही नको.

निघण्याआधी फोन करा. जैसलमेर, जोधपूर, बिकानेर किंवा भुज, जे जवळ असेल तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाला. सम-च्या वाळूच्या टेकड्यांपासून जैसलमेर ४० किलोमीटरच्या आसपास, पण जोधपूर त्यापुढे आणखी पावणेतीनशे. विचारायचं ते 'एएसव्ही आहे का' नव्हे, त्याला 'आहे' हेच उत्तर येतं. विचारा: आज किती कुप्या आहेत, वीस तरी आहेत का, व्हेंटिलेटर चालू आहे का, रात्री चालवणारं कोण असतं. राजस्थान-गुजरात दोन्हीकडे रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी इथली कुपी नेण्याचा विचारही करू नये. ओमानमध्ये २००४ मध्ये वेगळी ठरलेली एकिस ओमानेन्सिस आहे, शिंगवाले व्हायपर आहेत, अरबस्तानात काळा वाळवंटी नागही आहे. यांपैकी एकही नाव आपल्या लेबलवर नाही. सौदीत तिथल्या सापांसाठी वेगळं पॉलिव्हॅलंट बनतं, तेच मागा.

आणि एएसव्ही घेऊन मुंबईला परतलेल्यांसाठी एक सूचना. आठवडा-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगभर खाज सुरू झाली तर फॅमिली डॉक्टर आधी डेंग्यूच समजणार. डिस्चार्ज कार्ड पुढे ठेवा. त्यावर कुप्यांची संख्या, बॅच नंबर आणि शेवटच्या कुपीची वेळ लिहून घेतलेली असेल, तर घोड्याच्या प्रथिनाची ही उशिरा आलेली रिॲक्शन ओळखायला त्यांना फार वेळ लागणार नाही.